सदतीस जंपर आणि एकच प्रोसेसर

प्रयोगशाळेतल्या टेन्साइल टेस्टरचा, म्हणजे नमुना ओढून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, संगणक त्या सकाळी सुरूच झाला नाही. झाकण काढलं आणि कारण समोर दिसलं. मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली होती. तिच्यातला क्षार कीबोर्डच्या सॉकेटपासून दुसऱ्या आयएसए स्लॉटपर्यंत (जुन्या पद्धतीची कार्डं बसवायच्या खाचेपर्यंत) झिरपला होता आणि तांब्याचे ट्रॅक हिरवट-निळे पडले होते. चिमट्याचं टोक लावलं की ट्रॅक पापुद्र्यासारखे सुटून येत. तो बोर्ड संपला होता.

टेस्टर मात्र ठणठणीत होता. लोड सेल (ताण मोजणारा सेन्सर) वाचणारं कार्ड आयएसएचं, प्रोग्राम डॉस या जुन्या प्रणालीवरचा. आजच्या संगणकात दोघांनाही जागा नाही. कपाटात ४८६ या जुन्या प्रोसेसरचा एक सुटा बोर्ड पडून होता: सिस कंपनीचा ८५सी४७१ चिपसेट, व्हीएल-बस जातीचे तीन कार्ड-स्लॉट आणि सदतीस जंपर, म्हणजे छोटी टोपी (कॅप) बसवून किंवा काढून जोडणी बदलायच्या पिना. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, मॉडेल नंबरही नव्हता. प्रत्येक जंपरशेजारी फक्त 'जेपी' आणि एक आकडा. सुरू होताना बायॉस (बोर्डमधलाच सुरुवातीचा प्रोग्राम) पडद्याच्या तळाशी जी लांबलचक ओळ दाखवतो, तिच्यावरून बनवणाऱ्याचा माग लागू शकतो. पण ती ओळ दिसायला आधी बोर्ड चालू व्हायला हवा.

प्रोसेसर एकच होता, जुन्या बोर्डवरून काढलेला डीएक्स४-१००, ४८६ घराण्यातलाच. तो ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या आधीचे डीएक्स आणि डीएक्स२ हे ५ व्होल्टचे आणि दोन्ही जाती त्याच सॉकेटमध्ये अगदी बिनतक्रार बसतात. व्होल्टेजचा जंपर चुकला तर प्रोसेसर जळणार, आणि दुसरा नव्हता.

नुकताच रुजू झालेला मुलगा माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, "मॅडम, एकदा लावून बघू या का?"

"नाही रे. तो अगदी शेवटी बसेल. आधी रिकामं सॉकेट काय सांगतंय ते ऐकू."

बोर्डची पुस्तिका नव्हती, पण त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक चिपची डेटाशीट (तिच्या प्रत्येक पायाचं काम सांगणारा कागद) मिळत होती. जंपर म्हणजे तरी काय, कुठल्यातरी चिपच्या पायाला जमिनीशी (ग्राउंडशी), पुरवठ्याशी किंवा दुसऱ्या ट्रॅकशी जोडणारा दोन पिनांमधला पूल. पूल कुठून कुठे जातो ते मल्टिमीटरच्या बीपने कळतं. तो पाय कशाचा, ते डेटाशीट सांगते. मला हे काम मनापासून आवडतं. तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी हे ट्रॅक विचार करून ओढले होते, आणि तो विचार अजून तांब्यात तसाच असतो.

सुरुवात व्होल्टेजपासून केली. सॉकेटजवळ पत्र्याच्या हीटसिंकला टेकलेला एक रेग्युलेटर (५ व्होल्टवरून कमी व्होल्टेज बनवणारा भाग) होता आणि त्याच्या पायथ्याशी तीन-तीन पिनांचे चार जंपर एका रांगेत. वीज बंद ठेवून मोजलं. चारही जंपरांच्या मधल्या पिना प्रोसेसरच्या पुरवठ्याच्या पिनांना जोडलेल्या, एका बाजूच्या थेट ५ व्होल्टला, दुसऱ्या बाजूच्या रेग्युलेटरच्या आउटपुटला. चार अशासाठी की सगळा करंट एका कॅपला पेलत नाही. सगळ्या कॅप ५ व्होल्टच्या बाजूला होत्या. मुलाने सांगितल्याप्रमाणे लावून बघितलं असतं तर तिथेच सगळं आटोपलं असतं. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने प्रोसेसरचा अँटिस्टॅटिक डबा उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

चारही कॅप सरकवल्या आणि दोघांनी दोनदा मोजल्या, कारण एक जरी मागे राहिली तरी ५ व्होल्ट तिच्यातून थेट प्रोसेसरकडे गेले असते. रेग्युलेटरच्या अ‍ॅडजस्ट पायाजवळ दोन बारीक एसएमडी रेझिस्टर होते, एकावर १११ आणि दुसऱ्यावर १८१, म्हणजे ११० आणि १८० ओहम. या जातीच्या रेग्युलेटरचं संदर्भ व्होल्टेज १.२५. मी मुलाला कागदावर मांडायला सांगितलं: १८० भागिले ११०, त्यात १ मिळवायचा, गुणिले १.२५. उत्तर ३.३ ला टेकलं. तरीही नुसतं कोरडं मोजणं मला पुरेसं वाटेना, भार नसताना रेग्युलेटर कधीकधी फसवा आकडा दाखवतो. म्हणून सॉकेटच्या पुरवठ्याच्या भोकात आणि ग्राउंडच्या भोकात तारा खोचून त्यांच्यामध्ये १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडला आणि वीज दिली. मीटरवर ३.३१ आलं. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले.

घड्याळाचं काम त्या मानाने सोपं निघालं. १४.३१८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलशेजारी क्लॉक जनरेटर, म्हणजे प्रोसेसरला ठोका देणारी चिप, होता. त्याचे वेग निवडायचे तीन पाय १० किलोओहममधून पुरवठ्याला जोडलेले आणि तीन जंपरांमधून जमिनीला मिळणारे. तीन जंपर म्हणजे आठ जुळण्या. प्रोसेसर नसला तरी क्लॉक चालू राहतो, त्यामुळे स्कोपचं (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं) टोक सॉकेटच्या सी-३ या क्लॉकच्या भोकात धरलं. मुलगा दर वेळी वीज बंद करून कॅप बदलत गेला, मी आकडे सांगत गेले. २५, ४०, ५० आणि चौथ्या जुळणीला ३३.३. आम्हाला तोच हवा होता: त्याची तिप्पट १०० आणि चौथा हिस्सा ८.३३, म्हणजे आयएसए बसचा वेग. आमच्या जुन्या कार्डाला त्याहून घाई सोसली असती असं मला वाटत नाही.

तिप्पट की दुप्पट हे डीएक्स४ आर-१७ या पिनवरून ठरवतो. ती मोकळी असली तर तिप्पट, जमिनीला टेकली तर दुप्पट. त्या भोकापासून बीप दोन पिनांच्या एका जंपरपर्यंत गेली, त्याची दुसरी पिन ग्राउंड. कॅप काढून टाकली. मग ए-१५ आणि बी-१५. ही जागा फसवी आहे. एसएक्स (गणिताचा भाग नसलेल्या) प्रोसेसरमध्ये एनएमआय हा तातडीचा सिग्नल ए-१५ वर असतो, डीएक्समध्ये तो बी-१५ वर जातो आणि ए-१५ गणितातल्या चुकांशी संबंधित वेगळ्याच सिग्नलला मिळते. जंपर एसएक्सवर राहिला तरी संगणक सुरू होऊ शकतो, गडबड पुढे कधीतरी दिसते. आमचा प्रोग्राम दशांशांतली आकडेमोड करतो, म्हणून तिथले तिन्ही जंपर मी भिंगाखाली पुन्हा तपासले.

दुपार उलटली तेव्हा प्रोसेसर बसवला. वीज दिली. पोस्ट कार्डवर (बोर्ड सुरू होताना कुठवर पोहोचला ते आकड्यांत दाखवणाऱ्या कार्डवर) काहीच नाही, नुसत्या दोन आडव्या रेघा.

पोटात गोळा आला. बोट प्रोसेसरवर ठेवलं, जेमतेम कोमट होता. ३.३ जागेवर, क्लॉक जागेवर. मग बॅटरीच्या जागेजवळचा तीन पिनांचा जंपर दिसला. त्याची मधली पिन चिपसेटच्या सीमॉसच्या (सेटिंग जपणाऱ्या मेमरीच्या) पुरवठ्याला, एक बाजू बॅटरीला आणि दुसरी जमिनीला. कॅप जमिनीच्या बाजूला होती. कुणीतरी सेटिंग पुसायला सरकवली असेल आणि तशीच राहिली असेल. ती हलवली, आणि कार्डवरचे आकडे धावायला लागले. मेमरी मोजल्याची टिकटिक ऐकून मुलगा उभाच राहिला.

राहिला कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी. ३२ केबीच्या आठ चिप, म्हणजे २५६ केबी, आणि कुठला डेटा आत आहे याची नोंद ठेवणारी एक टॅग चिप. बायॉस मात्र ६४ दाखवत होता. पडद्यावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही, म्हणून वाढत्या आकाराचे ब्लॉक वाचून वेग मोजणारा छोटा प्रोग्राम चालवला. वेग १६ केबीला घसरला, तो प्रोसेसरच्या आतल्या कॅशेचा. पुढे ६४ ला पुन्हा घसरला. म्हणजे चिप होत्या, पण वरचे पत्ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. कॅशेच्या सॉकेटपासून उलट माग काढायला तासभर लागला, कारण ट्रॅक चिपच्या खालून जात होते. तीन कॅप हलल्यावर दुसरी घसरण २५६ वर गेली.

संध्याकाळी टेस्टरमध्ये ओळखीच्या मालाचा नमुना पट्टा लावला. पडद्यावर रेघ सरळ चढली, वाकली आणि पट्टा तुटला. आकडा जुन्या नोंदीशी जुळला.

मुलाने सगळे जंपर एका मोठ्या कागदावर काढले, बोर्डवर जसे आहेत तसे, आणि प्रत्येकाशेजारी कशापासून कुठे ते लिहिलं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. दोन जंपर उरले. त्यांच्यापुढे त्याने लिहिलंय: "दोन्ही टोकं चिपसेटखाली जातात. आहेत तसेच ठेवावे."