वर खोली असताना खाली गॅरेजातच काऊन?

दुरुस्तीला पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतो. कुणी दारातच, कुणी चहा झाल्यावर. "वर खोली रिकामी आहे म्हणता, मग गॅरेजात काऊन बसता? अन् तेही पुरानंतर?" मी प्रत्येकाला त्याच्यापुरतं उत्तर देत आलो. गुडघे दुखणाऱ्यांना म्हणालो, तुमच्यासाठीच खाली बसतो. तरुण पोरांना म्हणालो, वर फार तापतं. यातलं एकही उत्तर खोटं नाही, पण एकही पुरं नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता, म्हणून एकदा सगळं लिहितो.

सोपी कारणं आधी. पायपेटी उचलायला दोन माणसं लागतात आणि आमचा जिना वळणाचा आहे. येणारे निम्मे लोक भजनी मंडळातले, साठीच्या पुढचे. वरच्या खोलीच्या डोक्यावर थेट गच्ची आहे, आणि नागपुरात गच्चीखालची खोली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. त्या रात्री दोन वाजता मी त्या खोलीच्या भिंतीला हात लावून पाहिला, तर ती जेवणाच्या ताटासारखी गरम होती. शिवाय आईची खोली तिला लागूनच. एक सूर जुळवायचा तर तो शंभरदा वाजवावा लागतो. घरात आजारी माणूस असताना पलीकडे दिवसभर एकच काळी चारची पट्टी ऐकू येत राहिली, तर ते कुणाला सहन होईल?

आता गॅरेजबद्दल, कारण "गॅरेज" म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ऑइलचे डाग आणि जुने टायर येतात. बाबांनी १९८४ मध्ये घर बांधलं तेव्हा फियाटसाठी दहा बाय सोळाची ही जागा काढली. गाडी २००३ मध्ये विकली. पुढे पंधरा वर्षं तिथे दोन स्कूटर, कूलरचे सांगाडे आणि रद्दी होती. २०१७ मध्ये मी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोवर रविवारी आणि रात्री करायचो ते पेटीचं काम पूर्ण वेळ करायचं ठरवलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत गॅरेज हाती घेतलं.

शटर पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चारला त्याला हात लावायची सोय नाही. सोपा उपाय म्हणजे कूलर. होळी झाली की इथे घरोघरी कूलरच्या गवताच्या ताट्या बदलतात, तसा मीही एक लावून पाहिला. पण सूर जुळवताना सगळं काम कानाचं असतं. जोडीच्या दोन सुरांत किंचित फरक असला की आवाज लाटेसारखा हलतो. प्रत्येक सुराची पेटीत एक पितळी जीभ असते, तिलाही आम्ही सूरच म्हणतो. तिच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. ती लाट थांबेपर्यंत हलक्या हाताने घासत राहायचं. कूलर शेजारी एकाच पट्टीत घरघरत असेल तर लाट ऐकू येत नाही. आणि त्याची दमट हवा उघड्या पेटीवर आली की कातडं मऊ पडतं, पट्ट्या फुगून अडकायला लागतात. नागपूरचा कोरडा उन्हाळा लाकडाला फटी पाडतो, कूलर तेच लाकूड फुगवतो. एका पेटीला एकाच आठवड्यात दोन्ही नको.

म्हणून मी उष्णता आतच येऊ नये याच्या मागे लागलो. वरच्या स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक केलं. खाली ग्लासवूल घालून जिप्समचं छत. शटर तसंच ठेवून आतून लाकडी चौकटीची दुसरी भिंत उभी केली. मध्ये रॉकवूल, वर प्लाय, त्यात साडेतीन फुटांचं दार. दार बंद केलं की रस्त्यावरची मोटारसायकलही दूर वाटते. उत्तरेला खिडकी फोडली, कारण सुरांवरचा बारीक चरा बघायला तोच उजेड हवा. एसी दीड टनाचा. खोली थंड झाली की बंद करायचा आणि पुढचा पाऊण तास शांततेत सूर जुळवायचे. त्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी पहिल्यांदा घाम न पुसता एक पूर्ण सप्तक जुळवलं. कामासाठी स्वतःची जागा असणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

या सगळ्यात २ लाख ४० हजार गेले. नकाशा मी स्वतः काढला होता आणि तो मी अभिमानाने सगळ्यांना दाखवायचो. त्यात एक गोष्ट नव्हती.

मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, रोड सिमेंटचा झाला तं वर आला, तुमचं गॅरेज खाली राह्यलं. नऊ इंच भरून घ्या. आता नाही भरलं तं मंग भरनं होत नाही." घराचं जोतं अडीच फूट उंच, गॅरेज मात्र गाडी सहज आत यावी म्हणून रस्त्याच्या पातळीला. भरणीचे त्याने २८ हजार सांगितले. बाबा म्हणाले, "मग उद्या गाडी घेतली तर चढेल कशी?" आणि मी मिस्त्रीला नाही म्हणालो.

कित्येक वर्षं मी हे बाबांवर ढकललं. ते २०२१ मध्ये गेले, त्यामुळे ढकलणं आणखी सोपं झालं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या एका वाक्याने मी २८ हजारांचं काम सोडलं, हे खरं नाही. मलाच खात्री नव्हती. काम चाललं नाही तर दोन वर्षांत लाकडी भिंत काढून टाकायची आणि गॅरेजचं पुन्हा गॅरेज करायचं, एवढी परतीची वाट मी ठेवली होती. २०१८ च्या त्या माणसाशी मी मनातल्या मनात अजून भांडतो. तो म्हणतो, नोकरी सोडलेल्या माणसाने एक दार उघडं ठेवलं तर काय चुकलं? मी म्हणतो, त्याच दारातून पाणी आलं. दोघांपैकी कुणीही गप्प बसत नाही.

आता तो दिवस. २२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार, महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण. आमच्याकडे चाळीस पानं होती. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठी पातेली ठेवायला हिने विचारलं, "तुमचं टेबल रिकामं करता का आजच्यापुरतं?" टेबल तीन फूट उंच, भक्कम. त्यावर त्या दिवशी एकच पेटी होती, धरमपेठेतल्या काकूंची. काकू शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या आहेत. पेटी त्यांच्या आईची, ३९ पट्ट्यांची, डबल सुरांची, म्हणजे ७८ सूर, आणि सगळे जुने जर्मन. असे सूर आता मागून मिळत नाहीत. एका पट्टीचा सूर मध्येच बसायचा, म्हणून आणली होती. दोन तासांचं काम.

मी ती उचलली आणि दहा इंचांच्या चौरंगावर ठेवली. वर स्वच्छ धोतर झाकलं. हिने ठेवली नाही, मुलाने ठेवली नाही. मी ठेवली.

रात्री सगळे दमून झोपलो. मध्यरात्रीनंतर विजा सुरू झाल्या. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय, तुमच्यापैकी काहींनी भोगलंय. आमची गल्ली त्या मानाने वाचली. म्हणून आजवर मी याबद्दल मोठ्याने बोललो नाही. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यांच्यासमोर एका पेटीचं काय सांगायचं?

मला जाग आली ती पातेल्यांच्या आवाजाने. घरातून गॅरेजात उतरायला तीन पायऱ्या आहेत. दार उघडलं तर खालच्या दोन पायऱ्या दिसत नव्हत्या. लाइट गेली होती. मोबाइलच्या उजेडात दिसलं की रात्री घासून जमिनीवर उपडी घातलेली पातेली तरंगत एकमेकांवर आपटतायत. टेबलावरचं धुतलेलं वाढणीचं सामान कोरडं होतं. आधी मेन स्विच पाडला, मग उतरलो. पाणी गुडघ्याला लागलं. चौरंग दिसेना. धोतर सापडलं. पेटी सापडायला वेळ लागला. ती तरंगत लाकडी भिंतीपर्यंत गेली होती आणि उलटी झाली होती, पट्ट्या पाण्याखाली. उचलली तेव्हा भाता आपोआप उघडला आणि त्यातून काळं पाणी निघालं. किती वेळ निघत होतं, सांगता येणार नाही. मी ती छातीशी धरून पायरीवर बसून राहिलो. खालच्या फळीवरच्या आणखी दोन पेट्या तोवर भिजत होत्या, आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. हेही सांगायला हवं.

भिंतीवर पाण्याची खूण २१ इंचांवर होती. मी मापली. मग जो हिशेब केला तो आजही संपलेला नाही. जमीन नऊ इंच उंच असती तर चौरंगाचा माथा एकोणीसवर आला असता, पेटीला दोन इंच पाणी लागलं असतं. तेवढ्यात ती तरंगली नसती, उलटली नसती. तळाची फळी गेली असती, भाता गेला असता, पण सूर वाचले असते. आणि ती टेबलावरच असती तर हा हिशेबच करावा लागला नसता.

काकू चौथ्या दिवशी आल्या. पेटी मी उघडून सुकत ठेवली होती. सगळ्या पट्ट्या ओळीने, सूर कागदावर क्रमाने. त्यांनी हात लावला नाही. बराच वेळ बघून एवढंच विचारलं, "वर जागा नव्हती का हो?"

तुम्ही विचारता तो प्रश्न पहिल्यांदा त्यांनी विचारला. मी म्हणालो, "पाणी अचानक आलं, काकू." तेही खोटं नव्हतं. टेबलाचं मात्र मी सांगितलं नाही. काकू, तुम्ही हे वाचाल. पेटी उंचावर, सुरक्षित होती. पातेल्यांसाठी ती खाली मी ठेवली.

मग तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी वर जायचं. गेलो होतो. ऑक्टोबरभर वर बसलो. खोली हवेशीर होती, काम होत होतं. पण वर मी घरातलाच माणूस होतो. कुणी इस्त्रीचे कपडे ठेवून जायचं, कुणी फोनवर बोलायला यायचं, पाहुणे आले की गादी तिथेच पडायची. कुणाचं काही चुकत नव्हतं. घरात कुणी काही करत बसलेलं असलं की ते नंतर झालं तरी चालतं, असं सगळेच धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं, म्हणून तर टेबल रिकामं केलं. एखाद्या दवाखान्याच्या टेबलावर कढीचं पातेलं ठेवायला कुणी विचारलं असतं का? आणि डॉक्टर हो म्हणाला असता का? माझं गॅरेज छतापासून भिंतींपर्यंत कामाची जागा झालं होतं. जमीन आणि मी, आम्ही दोघंच तेवढे तयार झालो नव्हतो.

नोव्हेंबरात तोच मिस्त्री बोलावला. तो मागचं काही बोलला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. यावेळी दीड फूट भरलं. शटर काढून तिथे वीट लावली, बाहेर पायऱ्या आणि उताराची फरशी केली, कडेला धरायला पाइप लावला. गाडी आता कधीच आत येणार नाही. दीड फूट म्हणजे १८ इंच, आणि खूण २१ वर होती, हे मला कळतं. त्याहून जास्त भरलं असतं तर छत डोक्याला लागलं असतं. म्हणून पहिली फळी जमिनीपासून दोन फुटांवर आहे आणि जमिनीवर रात्री काहीही राहत नाही, रिकामी पेटीसुद्धा नाही. पाऊस लागला की मी अजून रात्री उठून खाली जातो. ही सुरक्षित जागा आहे असं मी कुणाला सांगत नाही. पेटी ठेवून जाणाऱ्याला पुराचं आधी सांगतो, मगच पेटी घेतो. दोघांनी परत नेली. त्यांचं बरोबर असेल.

काकूंच्या पेटीचे ६१ सूर बोलतात. १७ नवे, गुजरातेतल्या पालिताण्याचे घातले. चांगले आहेत, पण जर्मनांशेजारी वेगळे वाजतात, आणि तो फरक घासून जात नाही. खोकं सागवानी म्हणून तगलं, भाता नवा केला. काकू फोनवर म्हणतात, घाई नाही. माझ्या कानाला अजून तीन सूर पटत नाहीत.

यंदा महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी हिने पुन्हा विचारलं, टेबल मिळेल का? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "लक्ष्म्यांपेक्षा पेट्या मोठ्या झाल्या का?" मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. तिच्यासाठी वर्षातून एकदाच चाळीस पानं उठतात, आणि त्या दिवशी घरातला प्रत्येक कोपरा देवीचा असतो. तिचं म्हणणं मला कळतं. पातेली मी आणि मुलाने उचलली, आणि वळणाच्या जिन्याने एकेक करून वरच्या खोलीत नेऊन ठेवली.