कोडिंग येतं, झाडांसाठी काय करू?

पुण्या-ठाण्याहून, अधूनमधून अमेरिकेतूनही हा प्रश्न येतो: ‘मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवार-रविवार देऊ शकतो. डोंगरावर देशी झाडं लावणाऱ्या संस्थेला एखादं ॲप करून देऊ का?’ तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो: ॲप नको. अशा बहुतेक संस्थांची अडचण हिशेबाची असते. किती रोपं लावली हे वहीत सापडतं. त्यातली किती जगली हे मात्र कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमची गरज तिथे आहे.

ॲप नको, कारण ते आधीच आहे. ओडीके कलेक्ट हे नोंदी भरण्याचं ॲप मोफत आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं, रेंज नसताना नोंदी साठवतं आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवतं. फॉर्म एक्सेलमध्ये लिहायचा: एका शीटवर प्रश्न, दुसऱ्या शीटवर पर्याय, तिसऱ्यावर सेटिंग. प्रश्न मराठीत दिसू द्या, पण पर्यायांचे आतले कोड रोमन अक्षरांत ठेवा आणि एकदा ठरले की त्यांना हात लावू नका. दुसऱ्या वर्षी कोड बदलला की पहिल्या वर्षाच्या नोंदींशी ताळा बसत नाही.

आता मोजायचं काय? प्रत्येक नवा स्वयंसेवक सुचवतो की प्रत्येक झाडाचा जीपीएस बिंदू घेऊ. रोपं ३ बाय ३ मीटरवर लावली तर हेक्टरी साधारण ११११ बसतात. उघड्यावर फोनचा जीपीएस ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो, घळीत किंवा दाट झाडीखाली त्याहून जास्त. म्हणजे चूक दोन रोपांमधल्या अंतरापेक्षा मोठी. पुढच्या वर्षी तुम्ही शेजारच्याच रोपापाशी उभे असाल.

त्यापेक्षा नमुन्यादाखल काही वर्तुळं घ्या आणि त्यांतलीच रोपं मोजा. ५.६४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. त्यात ११ च्या आसपास खड्डे येतात. २० हेक्टरवर अशी २० वर्तुळं म्हणजे १ टक्का क्षेत्र आणि सव्वादोनशेच्या घरात रोपं. दोघांचं एका दिवसाचं काम, चढ फार नसेल तर. वर्तुळांच्या जागा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरला चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडू द्या. माणसाने निवडल्या की वाटेजवळच्या, पाणी मिळालेल्या जागाच येतात आणि आकडा फुगतो. नकाशा आधी मीटरच्या प्रणालीत आणा: पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाडा यांना ईपीएसजी ३२६४३ (हा त्या प्रणालीचा क्रमांक), नागपूर-चंद्रपूरकडे ३२६४४. हे विसरून अक्षांश-रेखांशातच ५.६४ चं वर्तुळ काढलं तर ते ५.६४ अंशांचं होतं, म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर. झाडं मोजत हैदराबादला पोचाल.

मध्यबिंदूला लोखंडी सळई ठोकू नका, ती भंगारात जाते. जागच्या मोठ्या दगडावर ऑइलपेंटचा क्रमांक आणि चारही दिशांचे फोटो पुरतात. दोरी उतारावर टेकवू नका, आडवी ताणून धरा, नाहीतर वर्तुळ लहान होतं.

रोपं मोजण्याऐवजी खड्डे मोजा. मेलेलं रोप गुरांच्या पायाखाली नाहीसं होतं, खड्डा काही काळ राहतो. पण दोन पावसाळ्यांत गाळाने तोही बुजतो, म्हणून पहिली मोजणी लावणीनंतर महिन्याच्या आत झालीच पाहिजे; जगण्याच्या टक्केवारीचा छेद तिथेच ठरतो. नंतर दरवर्षी दोनदा: पाऊस संपल्यावर आणि मे महिन्यात. मे महिन्यात वाळकं दिसणारं प्रत्येक रोप मेलेलं नसतं. खोडाच्या बुडाशी नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर ‘जिवंत, वाळकं’ असा वेगळा पर्याय फॉर्मात हवा. आणखी पर्याय: गुरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, वाळवी, खड्डा रिकामा. उंची सेंटिमीटरमध्येच मागा आणि ५ पेक्षा कमी आकडा फॉर्मनेच नाकारावा, नाहीतर कुणीतरी मीटरमध्ये १.२ भरतो.

झाडाचं नाव टाइप करायला लावू नका. खानदेशातला अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा. महाबळेश्वरकडे त्याच नावाने मेमेसायलॉन अंबेलाटम ओळखतात. यादीत फोटो द्या.

सगळ्यात मोठी फसगत नांग्या भरण्यात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यात होते. समजा १००० लावली, ३५० मेली, पुढच्या पावसाळ्यात ३०० नांग्या भरल्या. अहवालात येतं: ‘९५० जिवंत, ९५ टक्के’. मूळ लावणीतली जगली ६५ टक्केच. म्हणून प्रत्येक खड्ड्यापुढे लावणीचं वर्ष हवं. देणगीदारांपुढे हा आकडा नेणं संस्थेला जड जातं. तरी तोच द्या, कारण कोणती जात कुठे मरते हे त्यातूनच कळतं.

उपग्रहाचा मोह सगळ्यांना होतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन १० मीटरचा. त्यात गुडघाभर उंचीची ११ रोपं आणि बाकी सगळं गवत. हिरवाईचा निर्देशांक गवताचाच येतो, आणि पावसाळाभर ढग. पहिली काही वर्षं जगण्याचा आकडा त्यातून काढता येत नाही. वणव्याने काळं पडलेलं क्षेत्र मात्र त्यावर छान उमटतं. जोडीला उपग्रहावरून आगी टिपणाऱ्या नासाच्या फर्म्स सेवेत संस्थेच्या क्षेत्राचा ईमेल इशारा लावून द्या, दहा मिनिटांचं काम आहे. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या मधल्या वेळेत लागून विझलेला गवताचा वणवा त्यात येत नाही, एवढं मात्र सांगून ठेवा.

पाणी अडवणाऱ्या समतल चरांची आखणीही कोणी नकाशावरून मागेल. मोफत मिळणारा ३० मीटरचा उंचीनकाशा पाणलोटाची हद्द काढायला चालतो. चराला लागणारा काही सेंटिमीटरचा फरक त्याला दिसत नाही. तिथे हायड्रोमार्कर हे समपातळी दाखवणारं साधन किंवा पाण्याची नळीच. आणि लावणीपूर्वीचा नकाशा करताना मोकळी गवताळ माळरानं, कासपठारासारखे खडकाळ सडे वेगळ्या रंगात दाखवा. तिथे झाडं लावणं म्हणजे असलेली परिसंस्था मोडणं.

बारीकसारीक: नोंदींची सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात, बीओएम ही सुरुवातीची खूण ठेवून द्या, नाहीतर एक्सेल मराठीचा चिवडा करतो. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर त्यातलं स्थान गळून पडतं. चंदनाचे बिंदू जाहीर नकाशावर कधीच टाकू नका, चोर नकाशे वाचतात.

सर्व्हरचं खातं, डोमेन, पासवर्ड पहिल्या दिवसापासून संस्थेच्या ईमेलवर काढा, तुमच्या नाही. वार्षिक खर्च आधी सांगा. फॉर्म कसा बदलायचा हे दोन पानांत मराठीत लिहून द्या आणि संस्थेतल्या एकाकडून तुमच्यासमोर बदलून घ्या. त्याला जमलं नाही तर पानं पुन्हा लिहा.