बांडगूळ कुठल्या झाडावरचं?

आयुर्वेदाच्या एम.डी.ला द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय, घेतलं तेव्हा प्रबंधासाठी बांडगूळ निवडलं, कारण ते फुकट मिळतं. चरकाच्या मूत्रविरेचनीय गणात, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या यादीत, पहिलंच नाव वृक्षादनीचं, म्हणजे याच बांडगुळाचं. मार्गदर्शक मॅडमनी विषय ऐकला आणि विचारलं, "कुठल्या झाडावरचं?" काष्ठौषधीच्या दुकानात मी तोच प्रश्न केला, तर दुकानदार म्हणाला, "झाडावरचंच." गोणीत सगळ्या झाडांचं एकत्र.

बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः बनवतं. पाणी आणि क्षार मात्र झाडाच्या काष्ठवाहिन्यांतून ओढतं आणि त्याबरोबर झाडाची काही रसायनंही येतात. युरोपात कर्करोगाच्या रुग्णांना बांडगुळाची इंजेक्शनं देतात, त्यावर सफरचंद, ओक की पाइन हे छापलेलं असतं. आपल्याकडे कुचल्याच्या म्हणजे काजऱ्याच्या झाडावरच्या बांडगुळात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही काजऱ्याची विषं उतरतात, हे एकोणिसाव्या शतकातच कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी दाखवलं होतं. म्हणून मी आंबा आणि काजरा अशी जोडी धरली आणि सिंधुदुर्ग गाठला.

गावातले आबा आकडीने फांद्या खाली ओढून देत होते. काजऱ्याकडे वळलो तेव्हा म्हणाले, "काजऱ्यावरचा नको हां न्हेव. आमी ता गुरांकय घालनव नाय." प्रबंधाचा अर्धा निष्कर्ष मला तिथेच, झाडाखाली मिळाला, पण तो परीक्षकांना चालत नाही!

खरी डोकेदुखी ओळखीची होती. गावात सगळ्यालाच बांडगूळ म्हणतात. एक लांब नळीसारख्या नारिंगी फुलांचं, डेंड्रोफ्थो फाल्काटा. दुसरं विस्कम, त्याची फुलं इतकी बारीक की भिंगाशिवाय कळत नाहीत. ओशॉनेसींचं होतं ते विस्कम. आंब्यावरचं डेंड्रोफ्थो आणि काजऱ्यावरचं विस्कम यांची तुलना केली, तर फरक झाडाचा की जातीचा हे कोण सांगणार? मला दोन्ही झाडांवर एकच जात हवी होती, आणि काजऱ्यावर डेंड्रोफ्थो सहज दिसेना. शेवटी ओढ्याकाठच्या एका काजऱ्यावर ते सापडलं. थंडीचे दिवस होते, फुलं होती, म्हणून ओळख पटली. जोडाची गाठ मुठीएवढी सुजलेली होती. कोयत्याने उभी चिरल्यावर बांडगुळाचं फिकट लाकूड काजऱ्याच्या लाकडात पाचरीसारखं शिरलेलं दिसलं.

पानं जाड, चिवट. सावलीत वाळायला अंतच नाही. त्यानंतरचे संस्थेतले सह्यांचे सोपस्कार मी सांगत बसत नाही.

पूड अमोनियाने भिजवून क्लोरोफॉर्ममध्ये अर्क काढला. सिलिकाच्या एकाच पट्टीवर शेजारी शेजारी थेंब ठेवले: आंब्याचं पान, त्यावरचं बांडगूळ, काजऱ्याचं पान, त्यावरचं बांडगूळ आणि कडेला शुद्ध स्ट्रिक्नीन-ब्रुसीन. द्रावक टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, डायइथाइल अमाइन, ७:२:१; तो पट्टीवर चढताना प्रत्येक रसायन आपापल्या उंचीवर थांबतं. पट्टी वाळवून ड्रॅगेनडॉर्फ फवारलं, म्हणजे अशा विषांचे ठिपके रंगवणारं द्रावण. काजऱ्याच्या पानावर नारिंगी ठिपके उमटले आणि त्याच उंचीवर त्याच्या बांडगुळातही, जरा फिके. आंब्याच्या दोन्ही रेघा त्या उंचीवर कोऱ्या. मॅडम चष्मा वर करून पट्टीकडे बघत म्हणाल्या, "आता ती दुकानातली गोणी आठव."

पट्टीवरून फक्त 'आहे' एवढंच कळतं. किती आहे ते मोजायला एचपीटीएलसी, म्हणजे याच पट्टीची यंत्राने मोजणारी पद्धत, करावी लागली आणि प्रबंधाची निम्मी पानं त्यातच गेली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केलं तर काजऱ्यावरचं वापरता येईल का? कुचल्याच्या बियांचं शोधन ग्रंथांत आहे, बांडगुळाचं मला कुठे सापडलेलं नाही, म्हणून मी ते रुग्णाला देणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, की डुलकी आली होती, देव जाणे.

कुणी हा विषय घेणार असेल तर एकच सांगते: हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला, नुसतं बांडगूळ दाबू नका. ज्या फांदीवर ते आहे ती गाठीसकट कापा, झाडाची दोन पानं त्याच कागदावर चिकटवा आणि फुलं असतानाच जा.