हर्णैच्या वाळूवर एक दुपार

दापोलीहून हर्णैला निघालो तो सुवर्णदुर्ग पाहण्यासाठी. प्रत्यक्षात अर्धा दिवस बंदराच्या वाळूवरच गेला, आणि त्याची मला जराही खंत नाही.

येथे किनारा उथळ आहे. मोठ्या होड्या वाळूपर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून त्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात आणि मासळी उतरवून घेण्यासाठी बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. पोटापर्यंतच्या पाण्यात उभा असलेला बैल लाट आली की मान उंच करतो आणि गाडीवान त्याच्या पाठीवर हात ठेवून ती ओसरण्याची वाट पाहतो, हे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. गाडी बाहेर आली की सुरमई, बांगडे, कोळंबी यांचे ढीग लागतात आणि लिलाव पुकारला जातो. एका वयस्क मावशींनी पापलेटाचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग पाहिला आणि मगच बोली लावली.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, तर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एवढ्याशा गावाला चार किल्ले कशासाठी, हे बंदरात उभे राहिल्यावरच उमगते: बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात गलबतांना आडोसा मिळतो. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. त्या मोहिमेतील इंग्रज सेनानी विल्यम जेम्स याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने उभारलेला मनोरा लंडनमध्ये आजही सुवर्णदुर्गाच्याच नावाने ओळखला जातो.

किल्ल्यावर जायला हर्णैहूनच होडी मिळते. दरवाजा किनाऱ्याकडे तोंड करून असला, तरी तटाच्या वळणात असा दडवला आहे की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेले आहे. आतमध्ये झाडोरा फार माजला आहे.

२०२५ मध्ये सुवर्णदुर्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. आता येथे गर्दी वाढेल. येणाऱ्यांनी लिलाव चालू असताना ढिगांमधून छायाचित्रे काढत फिरू नये, कारण ती वाट गाड्यांची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढे दिवस सोडले, तर किल्ल्याआधी बंदरावर जावे.