माजघराची चुना-भिंत, नोंद ६: पाचवा हात वाळला आणि झिरी पुन्हा उठली

चुन्याच्या रंगाचा पाचवा हात सकाळी मारून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पूर्ण वाळली आणि स्विचबोर्डाच्या वरची झिरी (वायरिंगसाठी खोदून सिमेंटने भरलेली खाच) जशीच्या तशी दिसायला लागली: मधोमध फिकट पट्टा, दोन्ही कडांना गडद रेघ. तिसऱ्या हातानंतर ती दबल्यासारखी वाटत होती, म्हणून मागच्या नोंदीत "आणखी दोन हातांत जाईल" असं लिहिलं होतं. ते विधान मागे घ्यायला हवं. हात वाढवून ही झिरी जाणार नाही, कारण दोष रंगात नाही, रंगाखालच्या गिलाव्यात आहे.

आधी जमलेली गोष्ट सांगतो. रंगछटा अखेर हाती लागली आहे. या भिंतीला उजेड फक्त उत्तरेच्या खिडकीतून येतो, त्यामुळे दिवसभर थंड, निळसर प्रकाश असतो. नोंद ४ मधला गव्हाळ पिवळा पिवळ्या ऑक्साइडमध्ये थोडं काळं घालून केला होता, आणि तो या उजेडात शेवाळी दिसत होता. पिवळं आणि काळं मिळून हिरवट छटा देतं, थंड उजेड ती आणखी वर काढतो. पिवळ्याचा भडकपणा मोडायचा असेल तर काळ्याला हात लावू नका, गेरू आणि तपकिरी ऑक्साइड वापरा. आत्ताचं प्रमाण असं: चाळलेला चुन्याचा लगदा ४ किलो (साधारण ३ लिटर), पाणी ७ लिटर, पिवळं ऑक्साइड ७० ग्रॅम, गेरू ८ ग्रॅम, तपकिरी १२ ग्रॅम. घट्ट लगद्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे कोरडा चुना दोन किलोच्या आतबाहेर आणि रंगद्रव्य पाच टक्क्यांच्या जवळ. दहा टक्क्यांच्या वर गेलात तर चुन्याला रंग धरवत नाही आणि भिंतीला टेकलेल्या माणसाच्या सदऱ्यावर तो उतरतो.

ओला असताना हा रंग झेंडूसारखा दिसतो, वाळल्यावर साजूक तुपासारखा. चुन्यात नवीन असणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बादलीत बघून छटा ठरवायची नाही. गिलाव्याच्या तुकड्यावर दोन हात मारा, दोन दिवस थांबा आणि मगच ठरवा. तो तुकडाही सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली असा तीनदा बघा. माजघरात २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी आहेत, त्यांच्याखाली हाच रंग अर्ध्या छटेने गडद आणि ऊबदार होतो. ४००० केल्विनचा दिवा लावून पाहिला, तर सगळी मेहनत दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसली.

आता झिरी.

भिंत १४ फूट बाय १० फूट, विटांची, जुना चुन्याचा गिलावा. वायरिंग बदलताना छतापासून साडेचार फुटांवरच्या बोर्डापर्यंत आणि तिथून खाली एक फुटावरच्या प्लगपर्यंत झिरी मारली होती. एकूण लांबी ९ फूट. त्यात २० मिमीचा पाइप टाकून वरून सिमेंटचा माल भरला आणि घोटून गुळगुळीत केला. भर जवळजवळ पावणेतीन इंच रुंद आहे. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन लावायचं असतं तर त्यावर लांबी (पुट्टी) भरून प्रश्न मिटला असता. चुन्याच्या हाताला मात्र खालची भिंत पाणी कसं पिते यावरच सगळं ठरतं.

पहिला संशय क्षारांवर होता. सिमेंटमधले विद्राव्य क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि रंगीत चुन्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसतात. ओल्या फडक्याने पुसून निदान होत नाही, कारण चुन्याचा कोणताही हात भिजला की पारदर्शक होतो आणि पांढरेपणा तात्पुरता गायबच होतो. व्हिनेगरचाही उपयोग नाही. वाळलेला चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो सगळ्या भिंतीवर सारखाच फसफसतो. म्हणून पट्ट्यावरची भुकटी कोरड्या ब्रशने कागदावर झाडून घेतली आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात टाकली. क्षार असते तर विरघळून पाणी स्वच्छ राहिलं असतं. इथे तासाभराने तळाशी फिकट पिवळा गाळ बसला, वरचं पाणी काचेवर वाळवलं तर जेमतेम डाग. म्हणजे दोष क्षारांचा नाही.

मग थेंबाची चाचणी. ड्रॉपरने एक थेंब भिंतीला टेकवायचा आणि सेकंद मोजायचे. रंग न लागलेली जागा हवी म्हणून बोर्डाची फ्रेम काढून तिच्यामागे मोजलं. जुन्या गिलाव्यावर थेंब ६ ते ८ सेकंदांत आत गेला. सिमेंटच्या भरीवर तीन मिनिटांनंतरही चकाकत होता, मग ओघळून खाली आला. झिरीचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. जुना गिलावा पाणी खेचून घेतो, तेव्हा चुन्याचे आणि रंगाचे कण पृष्ठभागावर पकड घेऊन बसतात. सिमेंटवर पाणी वरच राहतं आणि कुंचल्याचा दुसरा फटका पहिल्या फटक्याचा माल उचलून नेतो. तो माल कडेला, जिथे शोषण सुरू होतं तिथे साचतो, म्हणून मध्ये फिकट आणि कडांना गडद. प्रत्येक नवा हात तेच चित्र गिरवतो.

यावर जे करून पाहिलं ते थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांचे हात वाचतील.

तारेच्या ब्रशने घासून वर चुना आणि बारीक वाळूचा पातळ लेप: एक हात बरा दिसला, दुसऱ्या हाताला पापुद्रा सुटला. टाचे (छन्नीच्या बारीक खाचा) मारून तोच लेप: टिकला, पण प्रत्येक टाचा ठिपक्यासारखा दिसतो. चुन्यात घालायचा पांढरा गोंद, बादलीला १०० मिली: भुकटी थांबली, पण पट्टा मेणचट झाला आणि पुढचा हात आणखीच घसरला. गोंद घालायचाच असेल तर फक्त शेवटच्या हातात आणि अगदी थोडा, हे माझं ठाम मत आहे. अ‍ॅक्रिलिक प्रायमर तर अशा भिंतीच्या जवळही आणू नका. तो चुन्याला खाली घट्ट बसू देत नाही आणि एकदा लागला की घासून निघत नाही.

एक विचार असा होता की सगळ्या भिंतीवरच चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा तीन मिमीचा थर द्यावा, म्हणजे शोषण सगळीकडे एकसारखं होईल. हिशेब केला: १४० चौरस फुटांना ३९-४० लिटर माल, आणि झिरीवर त्याला धरायला पुन्हा तेच गुळगुळीत सिमेंट. तिथूनच चीर जाईल. हा बेत रद्द.

उरतो एकच उपाय, भर काढून टाकायची. एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून, पातळ छन्नीने कडेकडेने १५ मिमी खोल. मोठी छन्नी आणि जोराचे घाव नकोत, शेजारचा जुना गिलावा विटेपासून सुटून पोकळ वाजायला लागतो. काल संध्याकाळी वरचा साडेपाच फुटांचा भाग काढून झाला. पाइप बहुतेक ठिकाणी १५ मिमीपेक्षा खोल आहे, पण छताजवळ दीड फुटात त्याच्यावर जेमतेम १० मिमीच माल बसेल. प्लास्टिकच्या पाइपाला चुना धरत नाही, म्हणून तिथे फायबरची जाळी दोन थरांच्या मधोमध दाबणार आहे.

भरीचा माल: चुन्याचा लगदा १ माप, सुरखी (भाजलेल्या विटेची भुकटी) अर्धं माप, चाळलेली वाळू २ मापं. ९ फूट लांब, ७ सेंमी रुंद, १५ मिमी खोल म्हणजे तीन लिटरच्या आतच माल लागतो, लिटरचं माप पुरे. सुरखी घालायचं कारण इतकंच की नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि १५ मिमी आतपर्यंत त्याला फार वेळ लागतो. नीट भाजलेल्या विटेची बारीक भुकटी चुन्याशी पाण्यातच धरते. जास्त भाजलेल्या, काळपट खंगराची भुकटी चालत नाही. खाच आधी दोनदा भिजवायची, सात-आठ मिमीचा पहिला थर दाबून भरायचा, ओरखडे मारायचे, दुसऱ्या दिवशी दुसरा थर, आणि गवंड्याच्या लाकडी रंध्याने घासायचा. लोखंडी थापीने घोटलं तर पृष्ठभाग बंद होतो आणि थेंब पुन्हा वरच राहतो. नमुन्याच्या फरशीवर हाच माल सात दिवसांनी मोजला तर थेंब १० ते १२ सेकंदांत गेला. ६-८ च्या शेजारी तो खपून जाईल.

हे लिहिता लिहिता खालच्या भागाचं वेगळं सुचलं. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गेरूचा पट्टा द्यावा, म्हणजे खालची दोन फूट झिरी फोडायला नको, असा बेत कागदावर काढला होता. पण गडद रंगात फिकट रेघ जास्तच उठून दिसते, आणि शोषणाचा नियम गेरूलाही तोच. तेव्हा झिरी पूर्ण नऊ फूट फोडायचीच. पट्टा मात्र ठेवतो, खुर्च्यांच्या पाठी आणि हातांचे डाग तिथेच लागतात. त्यावर शेवटच्या हातानंतर खोबरेल तेलाच्या साबणाचं पाणी घासून बघायचं आहे. साबण आणि चुना मिळून न विरघळणारा थर तयार होतो आणि पाणी ओघळून जातं. आधी फरशीवर, मग भिंतीवर. पट्ट्याची वरची रेघ दोऱ्याला नीळ लावून मारायची, पेन्सिलची रेघ पातळ चुन्यातून दिसत राहते.

सामानाबद्दल, कारण दोघांनी विचारलं होतं. पोत्यातला भुकटी चुना घेताना पोतं बंद आहे का बघा आणि चिमूटभर व्हिनेगरमध्ये टाका. जोरात फसफसला तर तो हवा खाऊन मेलेला आहे. कळीचा चुना घरी विरवायचा असेल तर लोखंडी पिंपात, आधी पाणी आणि मग चुना थोडा थोडा, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे. प्लास्टिकची बादली उष्णतेने वाकते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला चुना खातो. नमुन्यांपुरता पानवाल्याकडचा चुना उत्तम, तो आधीच बारीक चाळलेला असतो. सुटं ऑक्साइडही व्हिनेगरमध्ये तपासा, फसफसलं तर त्यात खडूची भर आहे. ट्यूबमधली स्टेनर (रंगात मिसळायची तयार द्रव्यं) वापरायचीच असतील तर चुन्यात कालवून काचेच्या बरणीत आठवडाभर उन्हात ठेवा आणि रंग टिकतो का बघा. हळदीचं चुन्यात काय होतं ते कुंकू करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक होतं, पुष्कळ रंगांचं तसंच काहीसं होतं. ऑक्साइड आणि नीळ टिकतात, प्रशियन निळा तपकिरी पडतो.

कुंचल्याबद्दल मत बदललं आहे. काथ्याचा कुंचला ओरखडे सोडतो. सहा इंची, जाड, नैसर्गिक केसांचा ब्रश महाग पडतो, पण आडव्या-उभ्या फटक्यांत ढगाळ पोत सुंदर येतो. रोलर चुन्यासाठी नाही, पातळ माल सगळा जमिनीवर जातो.

मिश्रणाबद्दल एक खबरदारी. एका हाताला दोन लिटर लागतात, पाच हातांत दहा लिटरचा आख्खा घाणा संपला. नवा घाणा कितीही मोजून केला तरी जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून झिरीच्या भरीवर नव्या मिश्रणाचे तीन हात छोट्या ब्रशने देणार आणि चौथा हात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळ्या भिंतीवर, मध्ये न थांबता. दोन माणसं लागतील, एक वरच्या निम्म्यावर, एक खालच्या. मध्ये चहाला थांबलं की तिथे सांधा दिसतो. सध्या दुपारी हवा इतकी कोरडी आहे की हात दहा मिनिटांत वाळतो, आणि चुना धरायच्या आत वाळला तर भुकटी होते. म्हणून काम सकाळी नऊच्या आत, भिंत फवाऱ्याने भिजवून, पाणी ओघळणार नाही इतपतच.

खालची साडेतीन फूट झिरी उद्या फोडायची. सुरखी चाळून ठेवली आहे, लगदा तीन आठवडे मुरलेला आहे. भर घातल्यावर सात दिवस दिवसातून दोनदा फवारा आणि वर ओलं गोणपाट. आठव्या दिवशी सकाळी थेंब मोजतो आणि सेकंद इथेच लिहितो, पंधराच्या आत असतील तरच कुंचला भिजेल.