कुत्रं ठेवा, पण लिफ्ट नको!

बायडी ही आमची कुत्री. आमच्याकडं आली तेव्हा अंदाजे नऊ वर्षांची होती. गाडीच्या धडकेत कंबर मोडलेली, मागचे दोन्ही पाय लुळे, लघवीवर ताबा नाही. तिला सांभाळणाऱ्या मंडळींनी घर बघितलं, फॉर्म भरून घेतला, लसीकरणाचे कागद दिले. अडलं ते एकाच गोष्टीवर, सोसायटीचं परवानगीचं पत्र. आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर.

सेक्रेटरी म्हणाले, "कुत्रं ठेवा की, कोण नको म्हणतंय? फक्त लिफ्टमधनं न्यायचं न्हाई."

अहो, पण ते चालतच नाही! रोज जिन्यानं उचलून न्यायचं कुणी? तर म्हणे, मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंगला माणसंच जमली नाहीत. मग त्यांच्या पुतणीचं लग्न. मग "दसरा होऊ दे, बघू". कहर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तोडगा काढला, लिफ्टचे महिन्याला जादा पैसे भरा. इकडं ती मंडळी विचारतायत, घेताय का दुसऱ्याला देऊ?

शेवटी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांची प्रिंटच नेली. बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. त्या ओळी पिवळ्या करून ठेवल्या होत्या. साहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, म्हणाले, "हे वरचं झालं." म्हटलं, प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्याखालचं मंडळ आहे, कोल्हापूर काय त्यातनं वगळलंय? सही झाली. तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं.

असं कुत्रं घेणार असाल तर पोट दाबून लघवी कशी काढायची ते डॉक्टरांसमोर स्वतःच्या हातानं करून बघा. नुसतं बघून जमत नाही. दिवसातनं तीन-चार वेळा करावं लागतं. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला, की त्याच दिवशी दवाखाना गाठा. फरशीवर घासून कातडं सोलतं, म्हणून घरभर जुन्या सतरंज्या टाका. लुळ्या पायांसाठी जोडायच्या चाकाच्या गाडीचं माप कुत्रं उभं धरूनच घ्या. सुरुवातीला थोडा थोडा वेळच जोडा, पट्टे काचतात.

आणि हो, सोसायटीच्या पत्रावर शिक्का, तारीख घ्याच. आमच्याकडं आता निवडणूक आहे, त्या वहिनींचेच मिस्टर उभे राहतायत.