दरबार आणि हजेरीची वही

९ मे जवळ आला की मी कपाटातून हजेरीची वही काढतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली याच तारखेला गेले, आणि त्यांच्या आठवणीसाठी आमच्या भजनी मंडळाचा मेळा नगरच्या उन्हातच भरतो. नवी सून दर वर्षी विचारते, हिवाळ्यात का घेत नाही? कुणीतरी म्हातारी तिला सांगते, "बाई, मरणाची तारीख माणूस ठरवत नाही."

उपासना, स्वागत, शाली, अहवाल हे साडेदहापर्यंत उरकतं. अहवाल मीच वाचतो आणि तो कुणीच ऐकत नाही, तेव्हा त्याबद्दल इथेही लिहीत नाही.

खरा मेळा कीर्तनाने सुरू होतो. आमचे कीर्तनकार निवृत्त शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. पांढरं धोतर, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग घेतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. गुरुजी त्या पुलावर चांगला अर्धा तास रेंगाळतात. उत्तररंगात बायबलातल्या उधळ्या पुत्राचं आख्यान. पोरगं दूरवर दिसतं आणि बाप धावत निघतो, तिथे गुरुजी चिपळ्या खाली ठेवतात, धोतराचा सोगा हातात धरतात आणि खरोखर चार पावलं धावतात. पंच्याहत्तरीचा माणूस! ते धावणार हे मला ठाऊक असतं, तरी डोळे भरतात. पुढच्या रांगेतल्या तरुण संघाच्या पोरांना कीबोर्ड आणि गिटार हवं असतं, पण त्या चार पावलांना तीही मोबाइल खाली ठेवतात.

मग आमच्या मावशी दरबाराची गोष्ट सांगतात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. ख्रिस्ताचे सगळे भक्त भाऊ-बहीण. दोन वर्षांत टिळकच गेले. इथवर आल्या की मावशींचा आवाज बसतो, आणि पेटीवाले काका न सांगता सूर धरतात.

पुण्याचे एक प्राध्यापक त्यांच्यानंतर बोलतात. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये काढलेला ख्रिस्त सेवा संघ, १९२७ मध्ये पुण्याच्या आश्रमात आलेले व्हेरियर एल्विन, खादी घालून जमिनीवर मांडी घालून जेवणारे साहेब. माहिती चांगली असते, फक्त वीस मिनिटं जास्त. शिवाय टिळकांचा दरबार आधीचा, हे त्यांच्याकडून मला दर वर्षी कबूल करून घ्यावं लागतं. आमच्या बायका मात्र हसतात. जमिनीवर बसून जेवायला त्यांना कुणी आश्रम काढून शिकवलं नव्हतं.

२०१९ ला टिळकांना जाऊन शंभर वर्षं झाली. जेवणाच्या तीनशे पानांची तयारी केली होती, आले एकशे चाळीस. पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांनी "फोटो पाठवा" म्हणून निरोप धाडले. मी पाठवले नाहीत. दरबारात हजेरी घेत होते का, असं एका पोराने तेव्हा मला विचारलं होतं. मी त्याला रागावलो. रात्री झोप लागली नाही.

आता ज्यांच्यावाचून मेळा उभा राहत नाही, ते. भर उन्हात बांबू रोवणारे मांडववाले भाऊ. टँकर सांगणारे पंचकमिटीचे तात्या. रात्रीपासून शिपी आमटीच्या हंड्याशी उभ्या महिला मंडळाच्या सातजणी (आठव्या आजारी होत्या, पण मसाला त्यांनीच कुटून दिला). तबलजी आणि त्याचा मुलगा. टेम्पोचं भाडं न घेणारे मामा. ते ख्रिस्ती नाहीत, पण पंधरा वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. उन्हाने चक्कर आलेल्यांना लिंबूपाणी देणाऱ्या हॉस्पिटलातल्या सिस्टर. आपली खुर्ची दुसऱ्याला देऊन स्वतः पायरीवर बसणाऱ्या पाळकबाई. मांडवाच्या तोंडाशी चपला सांभाळणारी दोन पोरं. ती गेल्या वर्षी वहीत लिहायची राहिली होती. यंदा पहिल्या पानावर आधी तीच लिहिली, आणि त्यांच्याखाली मामा.